शेवटच्या मिनिटाचा गोल नशिबाचा असतो का? लेव्हरकुसेनच्या २०२३-२४ च्या हंगामावरून

प्रश्न विचारणारे शाळेत क्रीडाशिक्षक आहेत आणि सोळा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ सांभाळतात. जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेन क्लबने २०२३-२४ ची बुंडेसलिगा, म्हणजे तिथली पहिल्या श्रेणीची लीग, एकही सामना न हरता जिंकली, त्यावरून स्टाफरूममध्ये त्यांचा वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं असं, की निम्मे सामने त्यांनी इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळात, वाचवले, त्यात नेहमी जिंकणारं बायर्न म्युनिक त्या वर्षी झोपलेलं, मग त्यात शिकण्यासारखं काय? इकडे यांचा स्वतःचा संघ जवळजवळ दर स्पर्धेत शेवटच्या दहा मिनिटांत गोल खाऊन बाहेर पडतो. तेव्हा हे शिकवता येतं, की नशीबच लागतं?

सर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्हाला खरं तर दुसऱ्याचं उत्तर हवंय. पण पहिल्याचं नीट दिल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येणार नाही. मी कोल्हापुरात पेठेच्या संघातून विंगला खेळलो आणि गेली वीसेक वर्षं पुण्यात मुलांना शिकवतोय. व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची मला खोड आहे. लेव्हरकुसेनचा तो हंगाम मी तसाच पाहिला, बरेचसे सामने दोनदा. माझं मत सहकाऱ्यांच्या मताच्या उलट आहे, मात्र त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

आधी हिशेब करू, कारण नशिबाच्या गप्पा हिशेबाशिवाय फार लांबतात. चौतीस सामने, अठ्ठावीस विजय, सहा बरोबरी, पराभव शून्य, गुण ९०. दुसऱ्या क्रमांकावरच्या श्टुटगार्टचे ७३ आणि तिसऱ्या बायर्नचे ७२. आता सहकाऱ्यांच्या समाधानासाठी नव्वदाव्या मिनिटानंतरचं जे काही लेव्हरकुसेनच्या पदरात पडलं ते सगळं काढून घेऊ. सप्टेंबरात म्युनिकमध्ये ९४ व्या मिनिटाला पालासिओसने पेनल्टीवर २-२ केलं, तो गेला. जानेवारीत आउग्सबुर्गला त्याच पालासिओसचा ९४ व्या मिनिटाचा एकमेव गोल आणि आठवड्याने लाइपझिगला इन्कापिएचा ९१ व्या मिनिटाचा ३-२, हेही गेले. मार्चअखेर हॉफेनहाइमविरुद्ध शिकचा ९१ व्या मिनिटाचा, एप्रिलमध्ये डॉर्टमुंडला स्टॅनिशिचचा ९७ व्या मिनिटाचा आणि पुढच्याच आठवड्यात श्टुटगार्टविरुद्ध आंद्रिशचा ९६ व्या मिनिटाचा. हे सहाही वजा करा. नऊ गुण जातात आणि ८१ उरतात. त्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे वाढलेले गुण त्यांच्या खात्यात टाकले तरी श्टुटगार्ट ७५ वर आणि बायर्न ७४ वर थांबतात. लेव्हरकुसेन तरीही विजेतेच, सहा गुणांनी. तीन सामने हरले असते आणि ‘अपराजित’ हा शब्द गेला असता, एवढंच.

म्हणजे त्या उशिराच्या गोलांनी अपराजित राहण्याचा विक्रम दिला, चषक दिला नाही. सहकाऱ्यांना हे वाक्य चहासोबत ऐकवा.

आता बायर्न झोपलं होतं का? हो आणि नाही. जर्मन चषकात, म्हणजे लीगहून वेगळ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, ते सारब्रुकेन नावाच्या तिसऱ्या श्रेणीच्या संघाकडून हरले. डिसेंबरात फ्रँकफुर्टने त्यांना ५-१ ने झोडपलं. एप्रिलमध्ये हाइडेनहाइममध्ये २-० पुढे असताना ३-२ ने हरले. हाइडेनहाइम म्हणजे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव, आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या श्रेणीत आलेला क्लब. फेब्रुवारीतच जाहीर झालं की प्रशिक्षक टुखेल हंगाम संपल्यावर जाणार. एकूण आठ पराभव. हॅरी केनने पहिल्याच वर्षात लीगमध्ये ३६ गोल केले आणि हाती एकही चषक आला नाही. बिचाऱ्याबद्दल इतके विनोद झाले की मला त्याची दया यायला लागली होती.

पण गंमत पाहा. आदल्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, बायर्न चॅम्पियन झालं तेव्हा त्यांचे गुण होते ७१. ‘झोपलेल्या’ वर्षात त्यांनी एक गुण जास्तच मिळवला! आणि ते ७१ वालं विजेतेपदसुद्धा शेवटच्या दिवशी कोलोनमध्ये मुसियालाच्या ८९ व्या मिनिटाच्या गोलाने आणि गोलफरकावर आलं होतं, तिकडे डॉर्टमुंड घरच्या मैदानावर माइंट्झशी २-२ करून रडत बसलं. बायर्नने २०१३ पासून सलग अकरा वेळा लीग जिंकली. त्यांतल्या नऊ हंगामांत त्यांचे गुण नव्वदपेक्षा कमी होते. फक्त २०१२-१३ चे ९१ आणि २०१३-१४ चे ९० हे अपवाद. त्या ९१ गुणांच्या वर्षात बायर्न एकच सामना हरलं होतं आणि तोही लेव्हरकुसेनकडून, स्वतःच्या मैदानावर. हा योगायोगच, पण मला आवडतो.

सांगायचं ते हे, की ९० गुण ही दुसऱ्याच्या अपयशावर उभी राहणारी रक्कम नाही.

आता फुटबॉलकडे येतो. माझ्या दृष्टीने त्या हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ना ९० आहे, ना शून्य. तो आहे २४, म्हणजे चौतीस सामन्यांत लेव्हरकुसेनने खाल्लेले गोल. त्याच वर्षी बायर्नने गोल केले जास्त, ९४ विरुद्ध ८९, पण खाल्ले ४५. शेवटच्या मिनिटाचा गोल कधी उपयोगी पडतो? फरक शून्याचा किंवा एकाचा असेल तेव्हाच. ०-२ किंवा १-३ असताना ९४ व्या मिनिटाला गोल केला तर तो वर्तमानपत्रात एका ओळीत येतो आणि लोक विसरतात. जो संघ सामन्याला सरासरी पाऊण गोलसुद्धा खात नाही, तो ९० व्या मिनिटाला जवळजवळ नेहमीच सामन्यात जिवंत असतो. लीगमध्ये दोन गोलांची पिछाडी मला त्यांची एकच आठवते, श्टुटगार्टविरुद्ध घरच्या मैदानावर. तिथेही ५७ व्या मिनिटाला ०-२ झालं आणि चारच मिनिटांत आदलीने एक फेडला. उशिरा गोल करणाऱ्या संघाबद्दल बोलताना आपण गोल करणाऱ्याकडे बघतो. बघायचं असतं आधीच्या ऐंशी मिनिटांकडे.

त्या ऐंशी मिनिटांत प्रशिक्षक झाबी अलोन्सोचा संघ काय करायचा? मागे तिघे, दोन्ही बाजूंना उंचावर चढलेले विंगबॅक, म्हणजे बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे कडेचे खेळाडू, उजवीकडे फ्रिम्पाँग आणि डावीकडे ग्रिमाल्डो, मध्ये झाका आणि त्याच्या जोडीला पालासिओस किंवा आंद्रिश. पुढे व्हिर्ट्झ आणि हॉफमान मोकळ्या जागा शोधत फिरणार आणि टोकाला बोनिफास किंवा शिक. कागदावर हे ३-४-२-१. पण रचनेच्या आकड्यांनी काही कळत नाही, तुम्हीही शाळेत फळ्यावर काढत असाल. कळतं ते चेंडू गमावल्याच्या क्षणी. हल्ला चालू असताना मागचे तिघे आणि मधले दोघे अशा अंतरावर उभे असायचे, की चेंडू सुटला रे सुटला की समोरच्याला पहिला पास द्यायलाच जागा मिळू नये. पाच-सहा सेकंदांत चेंडू परत. मग पुन्हा झाकाकडे, पुन्हा छोटे पास, पुन्हा या बाजूकडून त्या बाजूकडे.

टीव्हीवर हे थोडं कंटाळवाणं दिसतं. माझी बायको एकदा म्हणाली, ‘हे लोक गोल करायला विसरलेत का?’ पण समोरच्या संघाच्या पायांचा विचार करा. सतत दुसऱ्याच्या चेंडूमागे धावत राहणं दमवतं, अंगानेही आणि डोक्यानेही. कोल्हापूरकर असल्यामुळे मला कुस्ती आठवते. वस्ताद सांगायचे, पहिल्यांदा डाव टाकू नको, समोरच्याच्या मानेवर वजन टाक. वजन टाकलेलं प्रेक्षकाला दिसत नाही. वीस मिनिटांनी तोच पैलवान एका साध्या पटाला पडतो, आणि बघणारा म्हणतो, ‘अरे, अचानक पडला!’ लेव्हरकुसेन ऐंशी मिनिटं मानेवर वजन टाकायचं.

आणि शेवटी घाबरून खेळ बदलायचा नाही, हा दुसरा भाग. आपल्याकडे पिछाडीवर असताना ८० वं मिनिट लागलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गोलकीपर लांब किक मारतो, स्टॉपर पुढे जाऊन उभा राहतो, कठड्यावरून लोक ‘हाण! हाण!’ करतात. शाहू स्टेडियमवर मी स्वतः ते ऐकून कितीतरी चेंडू आंधळेपणाने हाणलेत. लांब हाणलेला चेंडू दमलेल्या डिफेंडरला विश्रांती देतो. त्याला फक्त डोकं लावायचं असतं. लेव्हरकुसेन ९३ व्या मिनिटालाही जमिनीवरूनच पास देत राहायचं आणि दमलेल्या माणसाला पुन्हा एकदा वळायला लावायचं. चुकीचं पाऊल तिथे पडतं. त्यातून कॉर्नर मिळतो, फ्री-किक मिळते. डॉर्टमुंडविरुद्धचा ९७ व्या मिनिटाचा गोल कॉर्नरवरचा हेडर होता, श्टुटगार्टविरुद्धचा फ्री-किकनंतरचा. तो कॉर्नर कुणी आकाशातून टाकलेला नसतो.

इथे थोडं माणसांबद्दल, कारण हे सगळं कुणाकडूनही करून घेता येत नाही. अलोन्सो ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा आठ सामन्यांत पाच गुण मिळवून संघ सतराव्या क्रमांकावर होता, अठरा संघांत. त्याच्या गाठीला रेआल सोसिएदादच्या ‘ब’ संघाचा अनुभव, मोठ्या लीगचा शून्य. त्या वर्षी त्याने संघ सहाव्या क्रमांकापर्यंत आणला. मग २०२३ च्या उन्हाळ्यात जी खरेदी झाली ती मला प्रशिक्षक म्हणून सर्वांत शहाणपणाची वाटते. वेगवान डियाबी अॅस्टन व्हिलाला विकला आणि आणले कोण? तिशीतला झाका आर्सेनलकडून, एकतिशीचा हॉफमान ग्लाडबाखकडून आणि करार संपलेला ग्रिमाल्डो बेनफिकाकडून, बदलीचा एक पैसा न देता. बोनिफाससारखा तरुण स्ट्रायकरही आणला, तोही बेल्जियममधून, मोठं नाव नसलेला. म्हणजे तरुण पोरांमध्ये ज्यांनी आयुष्यात पुष्कळ सामने हरलेत अशी दोन-तीन माणसं मुद्दाम पेरली. ८५ व्या मिनिटाला संघाचा आवाज कुणाचा असतो, हा प्रश्न कुठल्याही डावपेचाहून मोठा आहे. लेव्हरकुसेनमध्ये तो झाकाचा होता. तो सारखा हात दाखवायचा. ‘इकडे दे, थांब, आता तिकडे.’

आणि लेव्हरकुसेनला हे शहाणपण इतरांपेक्षा जास्त गरजेचं होतं, कारण शेवटच्या क्षणी कोसळणं ही त्यांचीच ख्याती. २००० साली शेवटच्या दिवशी उंटरहाखिंगमध्ये फक्त बरोबरी हवी होती. बालाकने स्वतःच्याच गोलात चेंडू मारला, २-० ने हरले, बायर्न चॅम्पियन. २००२ साली तीन सामने उरले असताना पाच गुणांची आघाडी घालवली, लीग डॉर्टमुंडने नेली. मग जर्मन चषकाची अंतिम फेरी शाल्केकडून हरले आणि चॅम्पियन्स लीगची रेआल माद्रिदकडून, झिदानच्या त्या व्हॉलीवर. तेव्हापासून लोक त्यांना ‘व्हित्सेकुसेन’ म्हणत, ‘व्हित्से’ म्हणजे उप. उपविजेत्यांचं गाव. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांसारखे लोक म्हणतात की या क्लबच्या रक्तात हे नव्हतं, म्हणजे नशीबच असणार. मी उलट वाचतो. रक्तात काही नसतं. मैदानावरची माणसं आणि सवयी बदलल्या.

एक गोष्ट मात्र भाबडेपणाने बघू नका. ही गरीब क्लबची परीकथा नाही. १९०४ मध्ये हा क्लब बायर कंपनीच्या कामगारांनी स्थापन केला. बायर म्हणजे अॅस्पिरिनवालेच. आजही मालकी त्या कंपनीची आहे. जर्मनीत क्लबवर सभासदांचं बहुमत हवं असा नियम आहे, त्यातून लेव्हरकुसेन आणि व्होल्फ्सबुर्ग यांना इतिहासामुळे सूट मिळालेली. त्याच हिवाळ्यात जर्मनीतले प्रेक्षक लीगच्या प्रसारण हक्कांतला हिस्सा गुंतवणूकदाराला विकायच्या बेताविरुद्ध मैदानावर टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी फेकत होते, सामने थांबत होते. २१ फेब्रुवारीला लीगने तो बेत गुंडाळला. मला त्या प्रेक्षकांचं कौतुक वाटतं. पण हे वेगळ्या उत्तराचं प्रकरण आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून होतं, ते प्रामाणिकपणे. जानेवारीत बोनिफास जखमी होऊन एप्रिलपर्यंत बाहेर होता. त्याच वेळी आफ्रिकन नेशन्स कपसाठी टाप्सोबा, कोसुनू आणि आदली गेले. आउग्सबुर्ग आणि लाइपझिगचे उशिराचे विजय याच दिवसांतले. राखीव फळी चांगली नसती तर तिथे गाडी घसरली असती. बायर्नकडूनच उसना घेतलेला स्टॅनिशिच त्या दिवसांत मागच्या फळीत खेळला आणि १० फेब्रुवारीला बायर्नविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला! बायर्नने करारात ‘आमच्याविरुद्ध खेळायचं नाही’ असं कलम घातलं नव्हतं. तो सामना ३-० झाला. शेवटचा गोल फ्रिम्पाँगने ९५ व्या मिनिटाला लांबून मारला, कारण बायर्नचा गोलकीपर नॉयर कॉर्नरसाठी पुढे आलेला आणि गोल मोकळा होता. लेव्हरकुसेन पाच गुणांनी पुढे गेलं आणि मला वाटतं लीग तिथेच संपली.

निव्वळ नशीबही होतं. माइंट्झविरुद्धचा विजयी गोल समोरच्या गोलकीपरच्या हातून निसटलेला होता. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत काराबागविरुद्ध ९३ आणि ९७ व्या मिनिटाला शिकने दोन गोल करून सामना फिरवला, पण समोर दहाच माणसं होती. असं दर वर्षी घडेल म्हणून कुणी बसू नये. पाच बदल्या करता येतात हाही मोठा घटक. शेवटच्या अर्ध्या तासात निम्मी आक्रमक फळी ताजी आणता येते आणि चांगल्या राखीव फळीच्या क्लबला त्याचा जास्त फायदा. तुमच्या स्पर्धेत किती बदल्या चालतात, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

आणि हे तंत्र कुठे चालत नाही, तेही त्याच हंगामाने दाखवलं. २२ मे ला डब्लिनमध्ये युरोपा लीगची अंतिम फेरी, समोर इटलीचा आतालांता. तोपर्यंत सगळ्या स्पर्धा मिळून सलग ५१ सामने अपराजित. बेनफिकाचा १९६० च्या दशकातला ४८ सामन्यांचा युरोपियन विक्रम त्यांनी आधीच्या फेरीत रोमाविरुद्ध मोडलेला, तोसुद्धा ९७ व्या मिनिटाला स्टॅनिशिचच्याच गोलाने. आतालांताने काय केलं? प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिला आणि मैदानभर त्याच्या मागे लावला. झाकाला वळायला जागाच नाही. अलोन्सोने त्या दिवशी अस्सल स्ट्रायकर न घेता सुरुवात केली, त्यामुळे दबावाखाली लांब चेंडू द्यायचा तर पुढे तो धरून ठेवणारा कुणी नव्हता. आतालांताच्या लुकमनने १२ आणि २६ व्या मिनिटाला गोल केले, नंतर तिसराही. ०-३. पूर्ण हंगामात ५३ सामने झाले, हा एकच पराभव. ज्या दिवशी वजन दुसऱ्याने तुमच्या मानेवर टाकलं, त्या दिवशी ९४ वं मिनिट उजाडतच नाही. तीन दिवसांनी त्यांनी कायझर्सलाउटर्नला १-० ने हरवून जर्मन चषक घेतला, तोही पूर्वार्धातच एक खेळाडू लाल कार्डावर गमावून.

‘अपराजित’ या शब्दाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे आणि तिचा दोष माझाच आहे. काही वर्षांपूर्वी माझा पंधरा वर्षांखालचा संघ एका स्थानिक लीगमध्ये नऊ सामने हरला नव्हता. मी उत्साहाने ड्रेसिंग रूमच्या फळ्यावर प्रत्येक सामन्यानंतर आकडा लिहायला लागलो. सात, आठ, नऊ. दहाव्या सामन्यात ०-० असताना पोरं चक्क वेळ काढायला लागली. आमचा लेफ्ट विंगर, एरवी तीन जणांना चकवणारा, चेंडू मागे द्यायला लागला. नंतर विचारलं तर म्हणाला, ‘सर, हरलो असतो तर आकडा गेला असता ना.’ पुढचे तीन सामने आम्ही बरोबरीत सोडवले आणि लीग दुसऱ्याच संघाने जिंकली. अपराजित राहून आम्ही तिसरे आलो. तो फळा मी स्वतः पुसला.

म्हणून मला लेव्हरकुसेनच्या त्या सहा बरोबऱ्यांपेक्षा अठ्ठावीस विजय बघायला सांगावंसं वाटतं. १४ एप्रिलला ब्रेमेनला ५-० ने हरवून त्यांनी पाच सामने राखून लीग जिंकली. आपल्याकडे रविवारी रात्री नऊला सामना सुरू झाला, बाहेर आंबेडकर जयंतीची मिरवणूक चाललेली, खिडक्या थरथरत होत्या, मला समालोचन ऐकूच येत नव्हतं. व्हिर्ट्झचा तिसरा गोल झाला आणि लोक कुंपण ओलांडून मैदानावर आले. त्यानंतर कुठलाही संघ सैल पडला असता. तरी पुढच्याच रविवारी डॉर्टमुंडला, लीगच्या दृष्टीने काडीचाही अर्थ नसलेल्या सामन्यात, पिछाडीवर असताना ते ९७ व्या मिनिटापर्यंत तसेच छोटे पास देत होते. हरायचं नाही म्हणून कुणी चेंडू हाणला नाही.

आता तुमचा संघ. तो शेवटच्या दहा मिनिटांत गोल खातो, याची कारणं मला इथून दिसणार नाहीत. ऊन किती, मैदान केवढं, अर्ध किती मिनिटांचं, मुलं सकाळी काय खाऊन येतात, सगळ्यावर अवलंबून आहे. सुब्रतो कप या शालेय स्पर्धेच्या जिल्हा फेऱ्या पावसात होतात, चिखलात छोटे पास चालत नाहीत. तिथे मी जे खाली सांगतोय त्यातलं निम्मं विसरा. पण माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा दोष स्टॅमिन्यावर ढकलला जातो आणि खरं कारण असतं की मुलं पहिल्या चाळीस मिनिटांत चेंडूच्या मागे विनाकारण धावलेली असतात. आणखी फेऱ्या मारायला लावून हे सुटत नाही.

मी दोन गोष्टी करतो. सरावाची शेवटची पंधरा मिनिटं, मुलं दमलेली असतानाच, आठ विरुद्ध आठ खेळवतो आणि एका बाजूला सांगतो की तुम्ही ०-१ मागे आहात, सात मिनिटं उरलीत. नियम एकच: गोलकीपरने चेंडू हातानेच द्यायचा, किक नाही. पहिले दोन आठवडे भयानक जातात. स्वतःच्याच गोलासमोर चेंडू गमावतात, पालक कठड्यावरून माझ्याकडे रागाने बघतात. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी एक पोरगा उभा राहून हात दाखवायला लागतो. तो तुमचा झाका. बहुतेक वेळा तो कॅप्टन नसतो.

दुसरी गोष्ट मागच्या माणसांची. आपला कॉर्नर असताना किंवा सगळे पुढे गेलेले असताना मी शिट्टी वाजवून खेळ थांबवतो आणि विचारतो, ‘आत्ता चेंडू सुटला तर कोण कुठे?’ तीन मागे, दोन त्यांच्या पुढे, आणि त्या पाचांनी आपली जागा शब्दांत सांगायची. मग खेळ सुरू. चेंडू सुटला की मोठ्याने पाच आकडे मोजायचे आणि तेवढ्यात जवळच्या दोघांनी दबाव टाकायचा, नाही मिळाला तर सगळ्यांनी मागे यायचं. पाचाच्या पुढे पळत सुटायचं नाही, तिथेच दम जातो. बदली खेळाडूला मध्यंतरातच सांगून ठेवतो की तू साधारण कितव्या मिनिटाला जाणार आणि तुझं काम कुठलं. आयत्या वेळी शर्ट ओढून आत ढकललेला पोरगा पाच मिनिटं नुसता गोंधळतो.

व्हिडिओ दाखवायचाच असेल तर लाइपझिगचा जानेवारीतला सामना दाखवा, पण गोलांची झलक नको. सत्तराव्या मिनिटापासून लावा आणि मुलांना सांगा की चेंडूकडे न बघता फक्त लाइपझिगच्या मधल्या फळीच्या पायांकडे बघायचं. दोन वेळा बघितल्यावर त्यांना ९१ व्या मिनिटाचा गोल यायच्या आधी दिसायला लागेल. मग डब्लिनच्या फायनलची पहिली अर्धी वेळ लावा. ती माझ्या पोरांना जास्त आवडली होती.